शोभेची भाजी

हॉटेलात ‘ग्रीन सॅलड’ मागवलं की जी बशी येते, तिच्या मधोमध गाजराचं एक फूल असतं. ते खायचं नसतं. असं कुठे लिहिलेलं नाही, कुणी सांगतही नाही; पण बुलढाणा जिल्ह्याच्या तेराही तालुक्यांत, घाटावर आणि घाटाखाली, सगळे एकमताने पाळतात असा हा बहुधा एकमेव नियम.

फूल जवळून बघण्यासारखं असतं. पाकळ्या सुरीने उभ्या चिरलेल्या, कडा वाळून पांढुरक्या पडलेल्या, देठाच्या जागी टूथपिक. भोवती काकडीचे काप, इतके पातळ की खालच्या बशीवरचं हॉटेलचं नाव वाचता यावं. चार चकत्या कांदा आणि लिंबाची एक फोड, तीही आधी कुणीतरी पिळून बघितल्यासारखी. या बशीच्या पैशात समोरच्या आठवडी बाजारात पिशवीभर काकडी येते, वर मावशी मूठभर कोथिंबीर फुकट टाकते.

फुलाचा दिवस सकाळी अकराला सुरू होतो. पहिल्या टेबलावर कापसाचे दोन व्यापारी काकडी खातात, कांदा खातात, भावावरून भांडतात आणि जातात. पोऱ्या फूल दोन बोटांनी उचलून आत नेतो, पाण्याचा हबका मारतो, आणि ते नव्या बशीत नव्या काकडीबरोबर पुन्हा रुजू होतं. दुपारी लग्नाच्या बोलणीला ते हजर असतं. ‘आम्हाला काही नको, फक्त लग्न तेवढं चांगलं करून द्या’ हे मुलाकडचं वाक्य त्याने इतक्यांदा ऐकलंय की पुढचा आकडाही त्याला पाठ झाला असेल. चारच्या सुमाराला साहेब आणि कंत्राटदार. बिल कोण देणार यावरून जोरदार झटापट होते आणि साहेब नेहमीप्रमाणे हरतात. रात्री कुणाचा तरी वाढदिवस. तिथे एक चार वर्षांचं पोर सरळ हात घालून फूल तोंडाकडे नेतं, तर आई हातावर चापट मारते, ‘छी, ते खायचं नसते!’ अख्ख्या दिवसात ते गाजर आहे हे ओळखणारा एकच माणूस भेटला, आणि त्यालाच मार बसला. एवढी सेवा एखाद्या कर्मचाऱ्याने केली असती तर शाल-श्रीफळ मिळालं असतं, निदान निरोप समारंभात दोघांनी खोटं तरी बोललं असतं. फुलाच्या नशिबी तेही नाही. टूथपिक तेवढी काढून ठेवतात, कारण ती उद्याच्या फुलाला लागते.

या पदाचा इतिहासही आहे. आधी तिथे टोमॅटोचं फूल असायचं. २०२३ च्या जुलैत टोमॅटो किलोमागे शंभरी ओलांडून गेला आणि रातोरात टोमॅटोच्या जागी गाजराची नेमणूक झाली. दोन-तीन महिन्यांत भाव असे कोसळले की शेतकरी टोमॅटो रस्त्यावर ओतायला लागले. आमच्या हॉटेलातला टोमॅटो मात्र परत कामावर आला नाही. भाव चढल्याची खबर हॉटेलाला त्याच दिवशी लागते, उतरल्याची वर्षभर लागत नाही.

असो. फूल शोभेचं, हे एकवेळ मान्य. मग खायची भाजी?

‘ताजी भाजी काय आहे?’
‘पनीर हाये.’
‘भाजी विचारतोय.’
‘पनीरमध्ये बारा प्रकार हायेत भाऊ.’
‘भेंडी?’
‘सीझन नाही.’ (खिडकीबाहेर मावशी भेंडीचा ढीग लावून बसलेली.)
‘वांग्याचं भरीत?’
‘आधी सांगा लागते.’
‘मेथी?’
‘मेथी मटर मलाई हाये.’
‘मिक्स व्हेज तरी?’
‘हाये ना!’

मिक्स व्हेज येते. लाल रस्सा, वर बोटभर तेल, तळाशी फ्रिजरमधल्या मटाराचे काही दाणे आणि पनीर. २०२० च्या जूनमध्ये लोणारच्या सरोवराचं पाणी गुलाबी झालं, तेव्हा देशभर बातम्या झाल्या, नमुने प्रयोगशाळेत गेले, खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा हा रंग आहे असा निष्कर्ष निघाला. आमच्याकडच्या ग्रेव्हीचा रंग वर्षानुवर्षं त्याहून गडद आहे. तिचा नमुना न्यायला अजून कुणी आलं नाही.

पण सगळं पाप हॉटेलवाल्याच्या माथी मारू नका. घरी काय दिवे लागलेत? घरात एकटेदुकटे असलो की आपण राजासारखं जेवतो. थंडीत हरभऱ्याचा कोवळा शेंडा खुडून केलेली भाजी, तुरीचे सोले घालून वांगी, पऱ्हाटीच्या जाळावर भाजलेल्या वांग्याचं भरीत, आंबाडीच्या भाजीवर लसणाची चुरचुरीत फोडणी आणि शेजारी ज्वारीची गरम भाकर. पंगत रोडग्यांची असली तर वांग्याच्या भाजीची पातेलीच्या पातेली उडतात. आणि दारात जावई किंवा व्याही दिसले रे दिसले की हीच आंबाडी झाकणाखाली जाते आणि पोराला पिटाळलं जातं, ‘पळ, पनीर आण!’ पाहुण्याला भाजी वाढली तर नाक कापलं जातं म्हणे. गंमत अशी की व्याही त्यांच्या घरून भरीत-भाकर सोडून आलेले असतात, आणि दोन्हीकडची माणसं समोरासमोर बसून मान राखण्यासाठी तेच रबर चघळत राहतात.

याच घरातला मुलगा पुण्याहून दिवाळीला आला की मोबाइलवर सॅलडचे व्हिडिओ दाखवतो. ‘मम्मी, ब्रोकोली मिळते का इथे?’ मम्मी बिचारी अख्खं मार्केट पालथं घालते. घराच्या मागच्या अंगाला शेवग्याचं झाड शेंगांनी वाकलेलं असतं. पण शेवगा व्हिडिओत आलेला नाही, त्यामुळे तो पौष्टिक नाही.

आता थट्टा पुरे. देऊळगाव राजा, सिंदखेड राजा या पट्ट्यात एकदा जाऊन बघा. शेतोशेती शेडनेट उभी आहेत आणि त्यात भाजीपाल्याचं बीजोत्पादन चालतं. टोमॅटोची कळी उमलायच्या आधी बाया चिमट्याने तिच्यातले पुंकेसर काढतात, दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या वाणाचा पराग तिला लावतात, खूण करून ठेवतात. एकेका फुलाची अशी निगा, दिवसभर मान मोडून, नेटच्या उकाड्यात. फळ पिकलं की बी काढून धुतात, वाळवतात, आणि लालभडक गर उकिरड्यावर जातो. ते बी पाकिटात बसून कुठल्या कुठल्या राज्यांत पोचतं. म्हणजे देशाच्या ताटातल्या भाजीचा जन्म आमच्या जिल्ह्यात, आणि आमच्या जिल्ह्यातल्या हॉटेलात जेवणाऱ्याला गाजराचं फूल लांबून बघायचं! त्या चिमटा धरणाऱ्या बाईला दिवसाच्या रोजंदारीत ही सॅलडची बशी किती वेळा परवडेल, याचा हिशेब कुणी करणार आहे का?

आणि शेतातलं तरी काय उरलंय? पूर्वी कपाशीच्या कडेने आंबाडी असायची, मधे चवळीचं एखादं तास असायचं, पावसाळ्यात धुऱ्यावर तरोटा आणि घोळ न पेरता उगवायची. घरच्या बाईला त्यासाठी कुणाकडे पैसे मागावे लागत नव्हते. मग बांधापासून बांधापर्यंत सोयाबीन आलं, मागोमाग तणनाशक आलं, आणि ही सगळी फुकटची भाजी एका फवाऱ्यात जळून गेली. सोयाबीनला भाव मिळत नाही तो नाहीच, वर भाजी विकत घ्यायला शेतकरीच पिशवी घेऊन बाजारात उभा. हे बघून राग येत नसेल तर तुमचा रक्तदाब फारच चांगला म्हणायचा. ग्रेव्ही खाऊन तो तसा राहिला असेल, तर त्याहून मोठं नवल.

मालकांना सांगणं एवढंच, की दारात एक फळा लावा आणि रोज खडूने एक भाजी लिहा. त्या दिवशी बाजारात जी उतरली ती. कधी आंबाडी, कधी वांगी, कधी चवळीच्या शेंगा. भाव पनीरचाच लावा, आम्ही देऊ.

आणि जेवणाऱ्या मंडळींनो, फळा नसेल तर ताज्या भाजीची विचारणा करा, ‘पनीर हाये’ असं उत्तर आलं तर पाणी पिऊन उठा. हॉटेलवाल्याचं पनीरशी नातं नाही, त्याचं नातं गल्ल्याशी आहे. दुपारच्या ऐन गर्दीत चार टेबलं रिकामी झाली, तर आठवड्याच्या आत भरीत मिळायला लागेल, तेही आधी न सांगता.