विकतची हरळी

आमच्या वऱ्हाडात ‘लॉन’ म्हणजे लग्नाचं ठिकाण. अकोल्याहून अमरावतीकडे निघा, रस्त्याच्या कडेला अमुक लॉन, तमुक लॉन अशा कमानी लागतात. आत गवत असेलच असं नाही, जेवण असतं. मी मात्र गवताचं लॉन लावलं. घरापुढे, ३०० चौरस फूट.

गवताचं नाव रोपवाटिकेत ‘बर्म्युडा’ असं सांगितलं. बाबांनी त्यातली एक काडी उपटली, पेरं पाहिली आणि म्हणाले, “काहून रे, हरायी इकत आणली?” बाबांनी चाळीस वर्षं कपाशीत डवरा धरला, निंदणाला मजुरी मोजली, ती हीच हरळी काढायला. मी ती लावायला मोजली.

मग पाणी. वाचलं होतं, की आठवड्याला साधारण इंचभर पाणी द्यावं, तेही पहाटे, एक-दोन वेळा पण भरपूर; म्हणजे मुळं खोल जातात. हिशेब केला. सातशे लिटर, म्हणजे साडेतीन ड्रम. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की तेवढंही पुरत नाही. काटेपूर्णेचं पाणी नळाला येतं त्या दिवशी पहिला ड्रम कोणाचा, हा प्रश्न आमच्या घरात एकदाच विचारला गेला.

उरली बोअर. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातलं मचूळ पाणी ते. महिनाभर दिलं. मातीवर पांढरी पापडी धरली. काळी माती क्षारांनी आणखी चिकटते, पाणी वर तळं करून बसतं आणि खाली मुळं तहानलेली. अमरावतीचे साळेबुवा फोनवर म्हणाले, “रोज सकाळ-संध्याकाळ नुसतं शिंपडत जा, भाऊजी.” तसं शिंपडलं की मुळं वरच्या वर राहतात आणि दोन दिवसांच्या उन्हात करपतात. हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांनी ऐकलं नसतं.

कापणीचा नियम सोपा आहे: एका वेळी पात्याच्या उंचीच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त कापू नये, उन्हाळ्यात तर गवत थोडं उंचच राखावं. माळ्याला मी बोट धरून दाखवलं, एवढंच. त्याने मान डोलावली आणि मुंजीतल्या बटूसारखं लॉन साफ भादरलं. “आता महिनाभर पाहायचं काम नाही, साहेब.” खरंच नव्हतं. नुसती पिवळी खुंटं. त्यांच्यामधून चौथ्या दिवशी लव्हाळा वर आला, ताठ, हिरवागार. त्याला ना नळाचं पाणी लागलं, ना माळी.

काल बाबांचा गावाहून फोन आला. धुऱ्यावर हरळी माजली आहे, बिनपाण्याची. पोतंभर पाठवू का, विचारत होते. फुकट.

मी हो म्हणालो.