लाल ढेकणाने पऱ्हाटीवर कसं राहावं

यवतमाळच्या काळ्या मातीतल्या एखाद्या भेगेत, अंड्यातून नुकताच बाहेर पडला असशील तर अभिनंदन. घाई नको. कात पाच वेळा टाकायची आहे, पंख त्यानंतरच. तोवर भावंडांना सोडून हिंडू नकोस. लाल रंग गर्दीतच शोभतो.

जेवण एकच, सरकी. कच्च्या बोंडात सोंड खुपसता आली तर झकास, नाहीतर उकललेल्यात शिरायचं. तू रुईला तोंडही लावत नाहीस, खरं आहे. पण सोंडेच्या भोकातून बुरशी आत जाते, रुई पिवळी पडते. मग जिनिंगच्या फाटकावर ग्रेडर मूठभर कापूस उचलतो, बोटांनी पिंजतो, नाक मुरडतो आणि भाव पाडतो. तेव्हा तू गाडीतच असशील. मान खाली घालून बस.

बीटीला भिऊ नकोस. 2002 पासून आलेलं ते विष अळ्यांसाठी, आपल्याला त्याचं सोयरसुतक नाही. 2017 साली तर सगळं वावर गुलाबी बोंडअळीच्याच मागे लागलं होतं. फवाऱ्यापासून मात्र लांब राहा. त्याच वर्षी या जिल्ह्यात फवारता फवारता 20 च्या आसपास माणसं गेली. जुनी रीत स्वस्तातली: रॉकेल घातलेल्या पाण्याचा डबा खाली धरून फांदी झटकतात. डबा दिसला की पान घट्ट धर.

लग्न शेपटीला शेपटी जोडून होतं आणि दिवसेंदिवस सुटत नाही. मादी मोठी, ती नेईल तिकडे उलट्या पावली जायचं. कुरकुरायचं नाही.

रद्दीवर बसण्याआधी कागद कुठला ते विचार. 1965 च्या सुमारास हार्वर्डात तुझे युरोपातले चुलतभाऊ कागदाच्या तुकड्यांवर वाढवले, तर ते मोठेच होईनात! कागद अमेरिकी, चिडाच्या कुळातल्या बाल्सम फरचा. त्यातलं एक द्रव्य ढेकणाचं बालपण संपूच देत नाही. पुढे तुझ्या जातीवरही तेच दिसलं. न्यूयॉर्क टाइम्सवर झोपलास तर पंख विसर. लंडनचा टाइम्स चालतो.

अँटिलोकस नावाचा एक भाऊबंद आहे, हुबेहूब लाल. तो सरकी खात नाही, तुला खातो. लग्नाला बोलावू नकोस.

हंगाम सरला तरी कुणीतरी फरदड ठेवतोच. नसेल तर भेंडी आहे, अंबाडी आहे, सावर आहे. आणि भावाची वाट बघत कापूस घरातच रचून ठेवला असेल, तर संध्याकाळी भिंतीवर चढावं. टीव्हीवर बाजारभाव लागलेले असतात.