पुढे वळण आहे, असं म्हणतात

गणपती दोन दिवसांवर आले तेव्हा दादरहून एक गाडी कुडाळकडे निघाली. पुतण्या चालवत होता, काकू मागे मखराचं सामान सांभाळत होत्या आणि शेजारच्या सीटवर बसून काका मोठ्याने पाट्या वाचत होते. वाचण्यासारखं काही राहिलंय का, हा प्रश्न त्यांना पळस्प्यापर्यंत पडला नाही.

सुरुवात तर झकास झाली. शिवाजी पार्काच्या बाजूला पादचाऱ्यांच्या सिग्नलमध्ये 2020 पासून पुरुषाच्या जागी बाईची आकृती आहे. "बाई सांगत्येय, आता तरी थांब," काकू म्हणाल्या आणि पुतण्या थांबलाही.

पुढच्या एका चौकात सेकंद मोजणाऱ्या आकड्याची वरची आडवी रेघ विझली होती. ती रेघ गेली की सातचा एक होतो. त्यामुळे 18 नंतर एकदम 11 आले, पुतण्याने घाईने गिअर टाकला, तर पुढचा आकडा 16! मागचे रिक्षावाले मात्र शांत. त्यांना तो सिग्नल पाठ होता.

पनवेलजवळ पिवळा दिवा नुसताच लुकलुकत होता. लुकलुकणारा पिवळा म्हणजे वेग कमी करून जपून जा, लुकलुकणारा लाल म्हणजे थांबा, बघा, मग निघा. लायसन्स काढताना हे सगळे घोकतात. रस्त्यावर दोन्हींचा अर्थ एकच: 'बिघडलाय, घाल गाडी.'

पळस्पे फाट्याला कोकणचा रस्ता लागला. 2010 च्या नव्या क्रमवारीत महामार्ग 17 चा 66 झाला, पण चहावाल्यापासून काकांपर्यंत सगळे अजून 'सतरा'च म्हणतात आणि एका रंग उडालेल्या दगडाचाही त्यांना पाठिंबा होता. पळस्पे ते इंदापूर रुंदीकरण 2011 मध्ये सुरू झालं. वाटेतल्या एका पाटीवर 'गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत' असं लिहिलेलं होतं. त्यातलं 'दिलगीर' पावसाने नेलं, 'गैरसोय' शाबूत.

इशाऱ्यांच्या त्रिकोणांची तर दैनाच. लाल रंग सूर्यप्रकाशातला निळा-जांभळा, जास्त ताकदीचा भाग शोषून घेतो आणि त्यापायीच लवकर विटतो. काळा रंग काजळीचा, तो टिकून राहतो. म्हणजे धोक्याची लाल कड आधी जाते आणि पांढऱ्या पत्र्यावर एक काळं वाकडं वळण उरतं, बालवाडीतल्या पोराने काढलेल्या गांडुळासारखं. रात्री दिव्यांच्या उजेडात चकाकावी म्हणून पाटीला परावर्ती पत्रा लावतात. त्याचंही आयुष्य साधारण सात ते दहा वर्षं, तेही कुणी पुसत असेल तर. कोकणात तो पुसायला पाऊस येतो आणि शेवाळ लावून जातो.

टवटवीत होते ते फक्त 'गणेशभक्तांचे हार्दिक स्वागत' करणारे फ्लेक्स. दरवर्षी नवे, कारण चेहरे दरवर्षी नवे. ते पाटीच्याच खांबाला सुतळीने बांधलेले. त्यामुळे हात जोडलेल्या नेत्याच्या कानामागून वळणाचं टोक तेवढं डोकावत होतं. काकांनी भक्तिभावाने नावं वाचली, तोवर वळण येऊन गेलं आणि मखराचा खांब काकूंच्या डोक्यावर आला.

कुडाळ जवळ आलं आणि नव्या पुलाखालून गावचा फाटा कुठे गेला ते कळेना. बाणाची पाटी कुणीतरी ठोकरलेली, तिचा बाण आभाळाकडे. पुतण्याने काच खाली केली.

"सरळ जावा. वडाचा झाड होता, थंयसून उजवीकडे मारा," सायकलवाला म्हणाला.

"होता म्हणजे?" काका.

"रस्त्यात गेला. पण जागो गावता."

आणि गावला.