सदैव सज्ज जिल्हा

धाराशिव जिल्ह्यात कोणत्याही ऋतूत पाय ठेवा, येथे कशाची ना कशाची तयारी चालूच असते. आणि ती चालू असल्याची वार्ता दुसऱ्या दिवशी ‘प्रशासन सज्ज’ या मथळ्याखाली इतक्या ठसठशीत अक्षरांत छापून येते, की ज्या संकटासाठी हा सारा खटाटोप आहे त्याने येण्याचे धाडस तरी कसे करावे, असा प्रश्न भाविक वाचकाला पडावा. निजामी अमलात अव्वल तालुकदाराच्या कचेरीतून हुकूम सुटत. आता सभागृहात आढावा घेतला जातो. हुकुमाची तामिली झाली की नाही हे निदान पाहावे लागे. आढाव्याला तीही यातायात नाही. तो घेतला म्हणजे झाला.

टंचाईचा कृती आराखडा हा या शास्त्रातील मुकुटमणी होय. ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च आणि एप्रिल ते जून असे त्याचे तीन टप्पे. विहीर आटली की ग्रामपंचायतीने ठराव करावा, तो पंचायत समितीतून तहसिलीत जावा, मग संयुक्त पाहणीस आलेल्या मंडळींनी आत डोकावून ती खरोखरच कोरडी असल्याची खातरजमा करावी, शेजारची एखादी खासगी विहीर अधिग्रहित होते काय याची चौकशी व्हावी, आणि हे सर्व यथासांग पार पडल्यावर टँकर मंजूर व्हावा, अशी ही तजवीज आहे. तहान मात्र अशिक्षित असल्यामुळे टप्पे पाळत नाही.

जुलै ते सप्टेंबर या तिमाहीला या आराखड्यात जागा नाही, कारण तेव्हा पावसाळा असतो. पुराची बाब निराळी, तिची बैठक मे महिन्यातच उरकलेली असते. तरीही २०२५ साली २२ सप्टेंबरला, ऐन घटस्थापनेच्या दिवशी, भूम-परंड्याकडे पाण्याने असा वेढा घातला, की एरवी टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसणाऱ्या मुलखातील माणसे बाहेर काढण्यासाठी हेलिकॉप्टर आणावे लागले. सीना नदीने मे महिन्यातले इतिवृत्त वाचले नसावे.

सरकारचे हे व्यसन प्रजेलाही जडले आहे. ‘मुलगा काय करतो?’ या सोयरिकीतील प्रश्नाला पूर्वी शेती, मास्तरकी, तलाठीपण अशी उत्तरे येत. आता बाप दाराकडे पाहत सांगतो, ‘तयारी करतो.’ कशाची, असे विचारणे असभ्यपणाचे समजतात. मात्र अभ्यासिकेत रात्री बारापर्यंत मान मोडून बसणाऱ्या त्या पोरांची थट्टा मला करवत नाही. ती बिचारी खरोखरच तयार असतात, जाहिरात तेवढी तयार नसते.

या जिल्ह्यात तयारीचे मर्म पुरते ओळखलेले दैवत एकच, आणि ते तुळजापुरास आहे. महिषासुराशी नऊ दिवसांचे युद्ध करावयाचे म्हणून तुळजाभवानी भाद्रपद वद्य अष्टमीला सिंहासनावरून उतरते, नव्याने पिंजलेल्या कापसाच्या गाद्यांवर मंचकी निद्रा घेते, आणि प्रतिपदेला ठरल्या वेळी सिंहासनावर विराजमान होते. ना आढावा, ना पत्रपरिषद. आमच्या कित्येक कचेऱ्यांनी या विधीचा पूर्वार्ध मोठ्या निष्ठेने उचलला आहे. प्रतिपदा तेवढी त्यांच्या पंचांगात अद्याप उगवलेली नाही.

उरला शेतकरी. घरचे सोयाबीन पेरायचे झाल्यास तो पोत्यातून शंभर दाणे सरसकट मोजून घेतो. चांगले निवडून घेत नाही, कारण तसे केल्यास फसवणूक स्वतःचीच होणार. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत ते मांडतो, दुसरे गोणपाट वर अंथरून गुंडाळी करतो आणि सावलीत ठेवून सहा-सात दिवस पाणी शिंपडत राहतो. मग गुंडाळी उलगडून कोंब मोजतो. सत्तर किंवा अधिक उगवले तर बी खरे. त्याहून कमी भरले तर एकरी बियाणे वाढवायचे. फारच कमी असेल तर ते पोते पेरणीचे नव्हे, आडतीचे. एवढे करूनही पाऊस ७५ ते १०० मिलिमीटर पडेपर्यंत पाभर हलत नाही. या साऱ्या उपद्व्यापाला तो सज्जता वगैरे म्हणत नाही आणि त्याची बातमीही कोणी छापत नाही.

तेव्हा वाचकहो, येत्या मे महिन्यात खरीप हंगामाच्या आढावा बैठकीत ज्यांना शिरकाव मिळेल त्यांनी एवढे अवश्य करावे: गेल्या वर्षीच्या इतिवृत्तातील शंभर निर्णय, चांगले न निवडता, सरसकट मोजून घ्यावेत आणि त्यांपैकी किती उगवले ते भर सभेत विचारावे. सत्तराची अट आपण घालू नये, सातावरही समाधान मानावे. आकडा मात्र मोठ्याने वाचून दाखवल्याखेरीज चहाला उठू देऊ नये.