तिसरा पंखा

ज्या माणसाकडून घरातले कांदेबटाटे आणायची जबाबदारी केव्हाच काढून घेतली आहे, त्याला ग्राफिक्स कार्ड आणायला धाडू नये, एवढं साधं आमच्या घरात कुणालाच सुचलं नाही. चिरंजीवांना ब्लेंडर शिकायचं होतं (मी आधी स्वयंपाकघरातला मिक्सर दाखवला; ते निघालं थ्रीडी चित्रांचं सॉफ्टवेअर), आणि त्यासाठी म्हणे 'आरटीएक्स ५०६० टीआय' हवं होतं. मी नाव पाठ केलं आणि निघालो. करंजाड्याहून रिक्षाने पनवेल स्टेशन, हार्बरने कुर्ला, तिथून दादर, मग ग्रँट रोड, असा घामाघूम होत लॅमिंग्टन रोडला पोचलो.

"कुठलं देऊ काका?" दुकानातल्या पोऱ्याने विचारलं. मी ऐटीत नाव सांगितलं. त्याने आसुस, गिगाबाइट, एमएसआय, झोटॅक अशी खोकी काउंटरवर रचली. दोन पंख्यांची, तीन पंख्यांची, काळी, पांढरी, दिवेवाली, 'ओसी' लिहिलेली आणि न लिहिलेली. मग म्हणाला, "सगळी तीच आहेत."

खोटं नव्हतं ते. एनव्हिडिया ही मूळ कंपनी नुसती चिप देते, तीही तैवानच्या टीएसएमसीकडून बनवून घेऊन. बाकीच्या कंपन्या तिच्यावर पंखे, पत्रा आणि दिवे चढवतात. पेणजवळच्या हमरापूर-जोह्यातून कच्चे गणपती नेतात आणि जो तो आपापल्या गावी रंगवतो, तसंच. 'ओसी' म्हणजे कारखान्यातच चिपचा वेग किंचित वाढवलेला. डोळ्यांना जाणवेल असा फरक त्याने क्वचितच पडतो. खरा फरक खोक्याच्या कोपऱ्यात छापलेला असतो: मेमरी ८ जीबी की १६ जीबी. एप्रिल २०२५ मध्ये हे कार्ड बाजारात आलं तेव्हा दोन्हींच्या अमेरिकेतल्या किमतीत ५० डॉलरचं अंतर होतं. चिप तीच, पण मोठा सीन उघडला की आठवाल्याची मेमरी भरते आणि काम रखडतं. एनव्हिडियाची ही खोड जुनीच. २०१६ मध्ये जीटीएक्स १०६० चे ६ आणि ३ जीबी असे दोन प्रकार निघाले, तेव्हा तीनवाल्यात कोअरसुद्धा १२८० वरून ११५२ वर आणले होते आणि नाव मात्र तेच ठेवलं होतं. हे सगळं आज मला तोंडपाठ आहे. त्या दिवशी मी मखर बघत होतो.

दोन पंख्यांचं, काळंसावळं सोळाचं खोकं बाजूला सारून मी तीन पंख्यांचं, सात रंगांत उजळणारं आठचं उचललं. किंमत दोन्हींची जवळपास सारखीच, म्हणजे एक पंखा फुकट, असा हिशेब जन्मभर बँकेत बसलेल्या माणसाने केला. "कॅबिनेटमध्ये लांबी किती बसेल?" पोऱ्याने विचारलं. मी दोन्ही हात फाकवून दाखवली. त्याने माझ्या हातांकडे बघितलं आणि बिल केलं.

घरी आल्यावर हिच्या शिवणाच्या टेपने मोजलं तर कॅबिनेट चांगलं ऐसपैस निघालं, पण ते बाहेरून; आत पुढच्या बाजूला हार्डडिस्कचा पिंजरा, आणि त्याला अडून कार्डाचं शेवटचं टोक, म्हणजे नेमका तिसरा पंखा, आत जाईना, म्हणून मी पिंजरा काढायला घेतला, तर स्क्रूचं डोकं गुळगुळीत झालं, मग पक्कड लावली, तर पत्र्याने अंगठा कापला, आणि ही हळद घेऊन येतेय तोच खाली पाण्याचा टँकर आला. हळद अर्ध्या वाटेवरून परत गेली.

शेवटी नवं कॅबिनेट आलं. कार्ड बसलं, मॉनिटर लागला, सातही रंग चमकले. पंखे मात्र ढिम्म. मी वॉरंटीचा कागद शोधायला धावलो.

"बाबा, कार्ड तापल्याशिवाय ते फिरतच नाहीत," चिरंजीव म्हणाले. "तशीच सोय असते." मग त्यांनी खोकं उचललं, कोपरा वाचला आणि माझ्याकडे बघितलं. "आठचं?"

"दिसायला छान आहे पण," ही म्हणाली.

जुनं कॅबिनेट गॅलरीत पडून आहे. करंजाडे-पनवेलात कुणाला हवं असेल तर खुशाल घेऊन जा, फुकट आहे. येताना टेप आणा, आणि आतून मोजा.