सूनबाईंचे दोन कोटी

अहो, ऐकलंत का? गेला एकदाचा अर्ज! तिसऱ्या बंगल्यातल्या वहिनींच्या सूनबाईंचा हो, आयसीएमआरच्या स्मॉल ग्रँटचा. नावालाच स्मॉल बरं का, तीन वर्षांसाठी दोन कोटींपर्यंत मागता येतात. वहिनींनी त्यातलं 'कोटी' तेवढं ऐकलं आणि... पण ते मागाहून सांगते.

विषय तुम्हाला ठाऊकच आहे, गरोदरपणातली साखर. ते ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायला देतात, दोन तासांनी रक्त घेतात, १४० किंवा वर निघाली की डॉक्टरांच्या कपाळाला आठी. बाळंतपण झालं की साखर बहुधा उतरते, पेढे वाटले जातात, विषय संपला. पण पुढे कायमचा मधुमेह जडतो तो याच बायकांना जास्त. म्हणून सहा आठवड्यांनी पुन्हा तपासा, असं सरकारी नियमातच लिहिलंय. येतं कोण? सूनबाईंचं म्हणणं, आशाताई घरी जाऊन आठवण करून देतील, तर किती जणी येतील ते बघू. निम्म्या गावांत असं करायचं, निम्म्यांत नेहमीसारखं. साधा प्रश्न, मला एका दमात कळला.

साधा होता म्हणूनच घोटाळा झाला! त्यांच्या विभागातले ते सर... नाव नको, भिंतीला कान असतात. ते म्हणे, यात मशिन कुठंय? दोन कोटींची मर्यादा आणि तू ग्लुकोजच्या पुड्या मागतेस? एक भारीतला अॅनालायझर घाल आणि मला को-पीआय कर, म्हणजे सहसंशोधक. खेड्यातल्या बायकांच्या मागे फिरून काय संशोधन होतं, असंही वर बोलले. सूनबाई एरवी गरीब गाय, पण त्या दिवशी म्हणाली, "सर, डॉ. याज्ञिकांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांतच सुरुवात केली होती. आपली बाळं २.७ किलोची, इंग्लंडातली साडेतीनची, आणि तरी अंगातली चरबी त्या मानाने कमी नाही, हे जगाला त्या गावांमुळे कळलं." सरांचा चेहरा असा पडला म्हणता! मशिन गेलं. नाव मात्र राहिलं हं को-पीआयमध्ये. तेवढं करावंच लागतं, नोकरी करायचीय ना तिथे.

तर काय सांगत होते... हां, मालिशवाल्या मावशी! खरी मजा तर पुढेच आहे.

आपल्या गल्लीतल्या सगळ्या बाळंतिणींना न्हाऊमाखू घालतात त्याच. वहिनींकडे नातवाला पायांवर घेऊन तेल लावत होत्या. सूनबाई तिथेच बसून अर्जातला सोप्या भाषेतला सारांश वाचून दाखवत होती, सासूबाईंना कळतंय का ते बघायला. संख्याशास्त्रवाले सरही चहाला आलेले, नमुन्याचा आकडा पक्का करायला. किती बायका लागतील, त्यातल्या दहा टक्के गळतील, सगळं गणित चोख. मावशी मान वर न करता म्हणाल्या, "पयल्या बाळंतपणाला पोरगी सातव्यातच म्हायेरी जाती. तीन-तीन महिने येत न्हाई. तुमची आशाताई कुनाच्या दारात उभी ऱ्हानार?"

अहो, खोलीत चिडीचूप. सूनबाईने सरांकडे बघितलं, सरांनी कपाकडे. सहा आठवडे म्हणजे ऐन सव्वा महिन्याच्या आसपासचा काळ, बाई माहेरच्या खोलीत शेकशेगडीपाशी, आणि आशाताई सासरच्या गावात! इतकी पुस्तकं, इतके इंग्रजी पेपर वाचून एकाच्याही डोक्यात आलं नाही. वहिनी स्वतः दोन्ही बाळंतपणांना माहेरी गेलेल्या, त्याही गप्प.

मग काय, सगळं उसवलं. ओटी भरायच्या सुमारास माहेरचा फोन नंबर घ्यायचा, माहेरजवळच्या आरोग्य केंद्रात तपासणी झाली तरी चालवून घ्यायची. त्यात सरांना नवीनच शंका आली, माहेरचं गाव दुसऱ्या गटात निघालं तर? ते म्हणाले, नाव जिथं नोंदलं तोच गट धरायचा, मग बाई कुठेही जावो. गळती वाढवली, बायका वाढल्या, गावं वाढली, फोनचा आणि एसटीचा खर्च वाढला. मावशींनी जाता जाता आणखी एक पुडी सोडली, "आशाला काय देनार?" बजेटमध्ये तिच्या नावाचा रकानाच नव्हता हो! आता आहे.

एथिक्स कमिटीचं ऐकलंत? तिथे अध्यक्ष बाहेरचाच हवा, वकील हवा आणि एक सामान्य माणूसही हवा. आपले कोपऱ्यावरचे निवृत्त मास्तर तिथे सामान्य माणूस म्हणून बसतात. मास्तरीणबाईंना ते सामान्य म्हणवणं अजून पचलेलं नाही. मास्तरांच्या तोंडून तिथलं अवाक्षर बाहेर निघत नाही, हे सूनबाईनेच सांगितलं. त्यांनी विचारलं म्हणे, ग्लुकोज पिऊन बाई दोन तास बसणार, तिची त्या दिवसाची मजुरी बुडेल ती कोण भरणार? वकीलसाहेब कागद चाळत राहिले. तोही खर्च धरला मग.

आणि शेवटच्या दिवशी संस्थाप्रमुखांची सही राहिलेली, ते भाचीच्या साखरपुड्याला साताऱ्याला! वहिनींच्या मुलाने रात्री गाडी काढली. मांडवातच सही केली म्हणे त्यांनी, हातात श्रीखंडाची वाटी. पत्रावर डाग पडला असेल तर तो तिथला.

हां, ते दोन कोटी. वहिनींनी भिशीत सांगून टाकलं, सुनेला दोन कोटी मिळतायत. मिळालेले नाहीत, आणि मागितलेत त्याच्या पुष्कळ कमी! पण बातमी धाकट्या दिरापर्यंत गेली, तो दुकानाचं डिपॉझिट मागायला हजर. तेव्हा सूनबाईने सासूबाईंना बसवून सांगितलं, पैसे मिळालेच तर संस्थेच्या खात्यात जाणार, हप्त्याहप्त्याने, पै-पैचा हिशेब द्यायचा, वस्तू घेतली तर तीही माझी नाही. माझ्या पगारात रुपयाही वाढत नाही. वहिनींचं तोंड एवढंसं झालं. "मग एवढी जागत होतीस कशाला?" म्हणाल्या.

पण भिशीत खरं सांगायला अजून तयार नाहीत हं. निकाल लागेपर्यंत राहू दे म्हणतात. पुढची भिशी त्यांच्याकडेच आहे, आणि बायका कधी नव्हे त्या सगळ्या येणार आहेत.