लहान जहाज, मोठं बिल

नॉर्वेचे फ्योर्ड पाहायचे तर लहान जहाजच घ्यावं, असं जाणकार सांगतात. खरंच आहे. नेरॉयफ्योर्ड सर्वांत अरुंद जागी जेमतेम २५० मीटर. तिथे दहा मजली तरंगतं हॉटेल म्हणजे बोळात हत्ती. लहान जहाजात कॅसिनो नाही, घसरगुंडी नाही, गर्दी नाही. आणि या प्रत्येक ‘नाही’चे पैसे वेगळे. शांतता तर सर्वांत महाग! सरकारचा न्यायही पाहा: जागतिक वारसा असलेल्या फ्योर्डांत १०,००० ग्रॉस टनांखालच्या प्रवासी जहाजांना २०२६पासून शून्य उत्सर्जनाची सक्ती, मोठ्या धुराड्यांना मात्र २०३२पर्यंत सवलत. म्हणजे शिस्त धाकट्याला, लाड थोरल्याचे. तेव्हा बुकिंग करताना खिडकी कुठली, हे नंतर विचारा. आधी इंजिन कशावर चालतं, ते विचारा.